आडवी रेघ

परवा संध्याकाळी पडदा मिटला.
मिटला म्हणजे काळा नाही झाला;
वरखालून सगळं चेपत येऊन
मधोमध एकच आडवी रेघ उरली,
पांढरी, ताणलेली,
कपडे काढून घेतलेल्या दोरीसारखी.

भिंतीपलीकडून ट्रेव्हर म्हणाला, ब्राइटनेस उतरव आधी,
नाहीतर काचेवर कायमची भाजेल.
चाळीस वर्षं त्यानं हॅलिफॅक्समधल्या घराघरांतले टीव्ही उघडले.
आता हातांना कंप.
कपातला चहा बशीत, बशीतला बाहीवर.
म्हणून ठरलं: डोकं त्याचं, हात माझे.

माझे हात मिलमधले.
लोकरीच्या ठाणात सुटलेला धागा
बोटांनी शोधायचा, सुईनं परत बसवायचा,
त्याचे आठवड्याला चौदा पौंड.
दोष दिसत नसतो गं, लागतो,
असं विनिफ्रेड म्हणायची, तिच्या इंग्रजीत.

टेबलावर जुनी चादर.
प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवलेला,
म्हणजे मागाहून शंका नको.
घडीच्या खुर्चीवर ट्रेव्हर, मांडीवर बिस्किटांचा डबा.
मागचं कवच निघालं. आत पंचवीस वर्षांची धूळ,
आणि धुळीत आमच्या मांजरीचे केस.
ती जाऊन बारा वर्षं झाली.

"डावा हात खिशात," ट्रेव्हर म्हणाला.
"दोन्ही हात आत घातलेस तर करंट काळजातून वाट काढतो."
आजवर कुणीच मला
एका हातानं काम कर असं सांगितलं नव्हतं.
कार्डिगनच्या खिशात बडीशेपेची एक जुनी पुडी होती,
ती घट्ट धरली.
स्क्रूड्रायव्हरला वायर, वायरचं दुसरं टोक चौकटीला,
आणि पातं हळूच रबरी टोपीखाली.
चट्.
प्लग काढून एक रात्र उलटली होती,
तरी काच काही विसरली नव्हती.

बोर्ड उलटा केला. भिंग घेतलं.
डाखाचे थेंब, साबुदाण्यासारखे,
एकाभोवती केसाएवढी गोल चीर.
थेंब होता, पाय होता,
दोघांचं बोलणं बंद होतं.
जुना डाख वितळवला, नवा भरला,
राळेच्या धुरानं स्वयंपाकघर
क्षणभर देवघर झालं.
जोडलं, लावलं. धुम्म्. हातावरचे केस उभे.

रेघ.
तशीच्या तशी.

ट्रेव्हर बोलला नाही. त्यानं बिस्किट बुडवलं,
ते कपातच राहिलं.

पुन्हा प्लग, पुन्हा खिसा, पुन्हा चट्.
या वेळी भिंग ठेवून दिलं.
डोळे मिटून बोट फिरवत गेले,
आणि काचेच्या गळ्यातल्या तांब्याच्या वेटोळ्यांची वायर
बोर्डावर जिथे येऊन टेकते
तिथली एक पिन किंचित हलली,
दुधाच्या दातासारखी.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा रेघ थरथरली, फाकली,
आणि तेव्हा कुठे कळलं
परवापासून मी काय बघत होते:
अक्षरं गळून पडलेली शिरोरेघ.
आता तिच्याखाली एकेक लोंबकळायला लागलं,
उंच, काटकुळं, ओळखीचं.
स्क्रू मागच्या बाजूला, पडदा पुढे,
म्हणून ट्रेव्हरनं न्हाणीघरातला आरसा धरला.
उलटी अक्षरं. मी पिळत होते, ती बसकी होत होती,
पण थरथर जाईना.
पडदा हलतोय की आरसा,
ते दोघांनीही विचारलं नाही.

"काय लिहिलंय?"
मी पुढे येऊन वाचलं.
मंडळाचं इतिवृत्त, सत्त्याण्णवचं.
चर्चच्या हॉलमधून आणलेल्या खुर्च्या चाळीस,
परत केल्या अडतीस,
उरलेल्या दोन खुर्च्यांबाबत सचिवांनी
आणि वाक्य तिथेच संपलेलं.
पुढे कर्सर, उघडझाप.
सचिव मीच होते.

ट्रेव्हर उठला. खुर्ची उलटी केली.
बैठकीखालचा निळा शिक्का नीट बघितला.
"आणि दुसरी?"
माळ्यावर, मी म्हणाले.
डावा हात अजून खिशातच होता.